सुश्रुताच्या यादीतला गुग्गुळ

हृदयरोगाच्या इतिहासात सशांचे उपकार मोठे आहेत. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत निकोलाय अनिच्कोव या तरुण डॉक्टराने सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातले. काही आठवड्यांनी ससे चिरून पाहिले, तर त्यांच्या महाधमनीच्या आतल्या अस्तरावर पिवळट, चरबट डाग उठलेले होते. म्हाताऱ्या माणसांच्या शवविच्छेदनात दिसतात तसेच. यावर आक्षेप लगेच आला. ससा पाला खाणारा प्राणी. त्याच्या तोंडात कोलेस्टेरॉल कोंबून जे होईल ते माणसाला कसे लावायचे? उंदराला किंवा कुत्र्याला तेच खायला घातले, तर तसे काही होत नव्हते. आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता, पण प्रयोगाची रीत हाताशी आली होती. पुढची पन्नास वर्षे धमनीकाठिण्यावर काही शोधायचे म्हटले की प्रयोगशाळेत आधी सशांचे पिंजरे येत.

१९६०च्या दशकात ते बनारसलाही आले. बनारस हिंदू विद्यापीठात भारतीय वैद्यकाची पदव्युत्तर संस्था नव्याने उभी राहिली होती. जुन्या ग्रंथांतले दावे आजच्या पद्धतीने तपासून पाहायचे, ही तिच्यामागची कल्पना. बोलायला सोपी, करायला कठीण. ग्रंथातल्या कुठल्या वाक्याचा प्रयोगशाळेतल्या कुठल्या मोजमापाशी सांधा जुळवायचा, हे ठरवता ठरवताच पुष्कळांची वर्षे जातात. जी. व्ही. सत्यवती या तरुण संशोधिकेने सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला पंधरावा अध्याय निवडला. शरीरातले दोष, धातू आणि मल वाढले किंवा घटले तर काय होते, याचा तो अध्याय. त्यात स्थौल्याचे, म्हणजे अंगावर बेसुमार मेद चढण्याचे वर्णन येते.

ते वर्णन आजही वाचण्याजोगे आहे. कफ वाढवणारे अन्न खाणारा, आधीचे पचायच्या आत पुन्हा जेवणारा, व्यायाम न करणारा, दुपारी झोपायची आवड असलेला माणूस ग्रंथकार समोर उभा करतो. अशा माणसाच्या शरीरात नीट न पिकलेला अन्नरस फिरतो आणि मेदच वाढवत राहतो. मेदाने वाटा अडल्या की बाकीच्या धातूंना पोषण मिळत नाही. मग दम लागतो, घाम येतो, शक्ती सरते आणि पुढे कुठल्यातरी मोठ्या व्याधीने माणूस जातो. सत्यवतींना या क्रमात ओळखीचे काहीतरी दिसले. अतिखाणे, बैठी राहणी, रक्तातली चरबी, अडलेल्या वाहिन्या, शेवटी घात. धमनीकाठिण्याची आधुनिक गोष्टही साधारण याच पायऱ्यांनी उतरते.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण पुढे ती फार विसरली गेली. सुश्रुताला कोलेस्टेरॉल ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. ज्या वाटा अडतात असे तो म्हणतो, त्या हृदयाच्याच धमन्या, असेही तो कुठे म्हणत नाही. स्थौल्य आणि धमनीकाठिण्य यांच्यातला पूल सत्यवतींनी बांधला. ती त्यांची बुद्धी, त्यांचे धाडस. त्याचे श्रेय परस्पर ऋषींच्या खात्यावर जमा करून आपण त्या बाईंवर अन्यायच केला आहे.

त्याच अध्यायात उपायही आहेत आणि त्यांची चांगली लांबलचक यादी आहे: शिलाजित, गुग्गुळ, गोमूत्र, त्रिफळा, लोहाचे चूर्ण, रसांजन, मध, जव, मूग, कोद्रू (कोकणात ज्याला हरीक म्हणतात), सावा वगैरे भरड धान्ये, शिवाय व्यायाम आणि बस्ती. म्हणजे निम्मी यादी औषधाच्या दुकानातली आणि निम्मी वाण्याकडची. सत्यवतींनी तिच्यातून गुग्गुळ उचलला. प्रयोग करायचा तर एक द्रव्य हातात घ्यावे लागते; संपूर्ण दिनचर्या सशाला लावता येत नाही. निवड रास्तच होती. पण यादीतली बाकीची नावे तेव्हापासून मागे पडली, ती बरीच वर्षे.

गुग्गुळ आपल्याकडे कुणाला नवा नाही. बाळंतिणीच्या धुरीत तो असतो, तिन्हीसांजेच्या धुपात असतो, योगराज गुग्गुळाच्या डबीत असतो. अथर्ववेदातही त्याच्या वासाचा उल्लेख आहे. मात्र ज्या झुडपातून तो येतो ते महाराष्ट्रात फारसे कुणी पाहिलेले नसते. कच्छ, काठेवाड, राजस्थान आणि पलीकडे सिंध अशा कोरड्या, खडकाळ मुलखात ते वाढते. माणसापेक्षा थोडे उंच, वेडेवाकडे, काटेरी. सालीचे पातळ पापुद्रे सुटत असतात आणि पाने वर्षातले थोडेच महिने टिकतात. सालीला चीर दिली की फिकट पिवळा चीक थेंबाथेंबाने बाहेर येतो आणि हवेत घट्ट होत तपकिरी खडे बनतात. डिंक, राळ आणि सुगंधी तेल यांचे ते मिश्रण असते.

हा गुग्गुळ सत्यवतींनी कोलेस्टेरॉल चारलेल्या सशांना दिला. गुग्गुळ मिळालेल्या सशांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल कमी राहिले आणि त्यांच्या महाधमनीतले डागही कमी भरले. १९६६ साली त्यांनी प्रबंध सादर केला. सी. द्वारकानाथ आणि एस. एन. त्रिपाठी यांच्यासह लिहिलेला निबंध १९६९ साली इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये छापून आला. याच सत्यवती पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या. त्या पदावर बसलेली पहिली स्त्री म्हणजे त्या.

निबंधाची दखल लगेच घेतली गेली. १९७१ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी गुग्गुळाचा एक अंश रुग्णांना देऊन त्याची तुलना त्या काळच्या क्लोफायब्रेट या औषधाशी केली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत स्वर्ण नित्यानंद आणि एन. के. कपूर कामाला लागले होते. ही संस्था तेव्हा गोमतीच्या काठी छत्तर मंझिलमध्ये होती, म्हणजे अवधच्या नबाबांच्या राजवाड्यात. जिथे एके काळी पक्वान्नांची ताटे फिरली, तिथे चरबी उतरवण्याचे औषध शोधले जात होते.

आणि मग गोष्ट पुण्याला येते. गुग्गुळ काम करतो म्हणजे त्यातले नक्की काय काम करते, हा प्रश्न रसायनशास्त्राचा होता. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव या नामवंत रसायनशास्त्रज्ञाने आयुर्वेदातली कच्ची द्रव्ये एकामागून एक सोडवायला घेतली होती. १९७२ साली व्ही. डी. पाटील, यू. आर. नायक आणि सुखदेव यांचा निबंध ‘टेट्राहेड्रॉन’ या नियतकालिकात आला. आयुर्वेदिक द्रव्यांच्या रसायनावरच्या मालिकेतला हा पहिला निबंध आणि त्याचा विषय गुग्गुळ. राळेतून त्यांनी स्टेरॉइड जातीची संयुगे वेगळी काढली. त्यांतल्या दोन जुळ्या संयुगांची नावे पुढे जगभर झाली: ई-गुग्गुलस्टेरोन आणि झेड-गुग्गुलस्टेरोन. दोघांचे अणू तेच आणि तितकेच; फक्त एका दुहेरी बंधाभोवतीची बाजू उलटसुलट.

सुखदेव १९७४च्या सुमारास बडोद्याजवळच्या नंदेसरी इथल्या माल्टी-केम संशोधन केंद्रात गेले. लखनौचे औषधशास्त्र आणि नंदेसरीचे रसायन यांच्या जोडीतून जे तयार झाले, त्याचे नाव गुगुलिपिड. त्याची कृती कागदावर साधी दिसते. कच्चा गुग्गुळ इथाइल अॅसिटेट या द्रावकात घालायचा. निम्म्याहून थोडा कमी भाग विरघळतो आणि उरलेला डिंकासारखा गाळ खाली राहतो. कोलेस्टेरॉल उतरवण्याचा सगळा गुण विरघळलेल्या भागात सापडला आणि त्रास देणारे बरेचसे गाळात. कच्च्या गुग्गुळाने अंगावर पुरळ येते, पोट बिघडते, हे आधीच्या रुग्णांत दिसलेलेच होते. वैद्यांनाही ते जुनेच माहीत. म्हणून तर गुग्गुळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून त्रिफळ्याच्या काढ्यात नाहीतर गोमूत्रात उकळायचा, गाळून घ्यायचा आणि तुपाचा हात लावत खलात कुटत बसायचे, असा शोधनाचा खटाटोप परंपरेने सांगितला आहे. नंदेसरीच्या द्रावकाने जे वेगळे केले तेच काढ्याने होते का, हे काही एकाच मापाने मोजले गेलेले नाही. पण कच्चा माल पोटात घालायचा नाही, यावर दोघांचेही एकमत होते.

आता मोठ्या चाचणीची वेळ आली. मुंबई, बंगळूर, दिल्ली, जयपूर, लखनौ, नागपूर आणि वाराणसी अशा सात शहरांत ती झाली. रुग्णांना आधी आठ आठवडे पथ्यावर आणि औषध नसलेल्या गोळ्यांवर ठेवले, मग बारा आठवडे दिवसातून तीनदा ५०० मिलिग्रॅम गुगुलिपिड. २०५ जणांनी हा टप्पा पुरा केला. ज्यांना औषध लागू पडले अशा ७० ते ८० टक्के रुग्णांत कोलेस्टेरॉल सरासरी २३.६ टक्क्यांनी उतरले. दुसरा टप्पा जास्त काटेकोर होता. रुग्णाला किंवा डॉक्टरला कोणते औषध चालू आहे हे माहीत नाही, अशा रीतीने गुगुलिपिड आणि क्लोफायब्रेट यांची तुलना झाली. त्यात गुगुलिपिडने कोलेस्टेरॉल सरासरी ११ टक्के उतरवले आणि क्लोफायब्रेटने १०.

तेवीस आणि अकरा. हे दोन आकडे शेजारी ठेवले की डोळे उघडायला हवेत. पहिल्या टप्प्यात तुलनेला कुणी नव्हते, दुसऱ्यात होते, आणि तुलना आली की परिणाम निम्म्यावर. शिवाय पहिली सरासरी ज्यांना लागू पडले त्यांचीच. ज्यांना नाही पडले त्यांना वगळून काढलेली सरासरी म्हणजे नापासांना सोडून वर्गाचा निकाल लावणे. पण जाहिरातीत आणि भाषणांत फिरला तो तेवीसचाच आकडा.

तुलनेला घेतलेल्या क्लोफायब्रेटचीही एक कथा आहे. ते त्या वेळी प्रमाण औषध समजले जाई. एडिंबरा, प्राग आणि बुडापेस्ट इथल्या सुमारे पंधरा हजार पुरुषांवर जागतिक आरोग्य संघटनेने त्याची चाचणी घेतली आणि १९७८ साली तिचा निकाल आला. कोलेस्टेरॉल नऊ टक्क्यांच्या आसपास उतरले होते. जिवावर न बेतलेले हृदयविकाराचे झटकेही घटले होते. पण एकूण मृत्यू औषध घेणाऱ्यांत जास्त झाले होते. रक्ताचा अहवाल सुधारला आणि माणसे मात्र अधिक मेली, असे हे औषध. त्याच्या बरोबरीने उतरलो, हे गुगुलिपिडचे प्रमाणपत्र होते.

१९८६ साली गुगुलिपिडला भारतात विक्रीची परवानगी मिळाली. पुढे सिप्लाने ते ‘गुग्लिप’ नावाने बाजारात आणले. सत्यवतींनी १९८८ साली लिहिलेल्या आढाव्याच्या शीर्षकातच प्राचीन अंतर्दृष्टीतून आलेल्या आधुनिक शोधाची यशोगाथा असे शब्द होते. त्या घटकेला तसे म्हणणे अतिशयोक्तीचे नव्हते. ग्रंथातले एक वाक्य, सशांवरचा प्रयोग, पुण्यातले रसायन, सात शहरांतले रुग्ण आणि शेवटी गोळी, असा सलग प्रवास केलेले दुसरे आयुर्वेदिक द्रव्य तेव्हा क्वचितच दाखवता आले असते.

याच वर्षांत जगाच्या दुसऱ्या टोकाला एक समांतर गोष्ट चालू होती. तोक्योत सांक्यो कंपनीत अकिरा एंदो नावाचा संशोधक १९७१पासून बुरशा तपासत होता. सहा हजारांच्या आसपास बुरशा तपासल्यावर एका पेनिसिलियममध्ये त्याला १९७३ साली कॉम्पॅक्टिन सापडले. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याची वाटच ते अडवत होते. त्याच कुळातल्या लोवास्टॅटिनला अमेरिकेत १९८७ साली परवानगी मिळाली, गुगुलिपिडनंतर वर्षभराने. दोघांचेही मूळ निसर्गातले, दोघेही जवळपास एकाच वेळी बाजारात.

फरक पडला तो पुढे. डेन्मार्क, फिनलंड, आइसलंड, नॉर्वे आणि स्वीडन इथल्या ४४४४ हृदयरुग्णांवर सिमवास्टॅटिनची चाचणी साडेपाच वर्षांच्या आसपास चालली. १९९४ साली निकाल जाहीर झाला. औषध नसलेल्या गोळीवर असलेल्या गटात २५६ जण दगावले होते, तर औषधाच्या गटात १८२. कोलेस्टेरॉल किती उतरले हा प्रश्न तिथे गौण ठरला. जगले किती, ते कळले. गुग्गुळावर अशी चाचणी कधीच झाली नाही. बारा आठवडे, चोवीस आठवडे, रक्ताचा अहवाल, संपले. पाच वर्षे हजारो रुग्णांचा पाठपुरावा करायला लागणारा पैसा डिंकाच्या औषधामागे लावणार कोण? स्वामित्व हक्काचा आधार नाही, सरकारी संस्थांचे हात बांधलेले, आणि देशातल्या डॉक्टरांना तोवर स्टॅटिन लिहून द्यायची सवय लागलेली. गुगुलिपिडला स्टॅटिनने हरवले असेही म्हणता येत नाही. सामना झालाच नाही.

अमेरिकेत मात्र गुग्गुळाला वेगळेच दार उघडले. १९९४ साली तिथे आहारपूरकांचा कायदा झाला आणि वनस्पतींचे अर्क औषधासारखी परवानगी न घेता विकणे सोपे झाले. ‘दोन हजार वर्षांचे प्राचीन कोलेस्टेरॉलनाशक’ अशा थाटात गुग्गुळाच्या बाटल्या दुकानांत दिसू लागल्या. मग मे २००२मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात एक निबंध आला आणि आयुर्वेदाच्या चाहत्यांना आभाळ ठेंगणे झाले.

ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात डेव्हिड मूर आणि सहकाऱ्यांनी गुग्गुलस्टेरोन नेमके काय करते याचा छडा लावला होता. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते; शरीरातून कोलेस्टेरॉल बाहेर टाकायची ही मुख्य वाट. पित्ताम्ले पुरेशी झाली की ती पेशीतल्या एफएक्सआर नावाच्या ग्राहीला जाऊन चिकटतात आणि आता बस, असा निरोप जातो. गुग्गुलस्टेरोन त्या ग्राहीवर बसून निरोपच अडवते. उंदरांच्या यकृतातले कोलेस्टेरॉल त्याने घटले. ज्या उंदरांत तो ग्राहीच नव्हता, त्यांच्यात काही घडले नाही. प्रयोग देखणा होता. सुश्रुताला रेणूच्या पातळीवर दाद मिळाली, असा सूर वर्तमानपत्रांनी लावला.

तो सूर सव्वा वर्ष टिकला. १३ ऑगस्ट २००३च्या ‘जामा’ या नियतकालिकात फिलाडेल्फियाच्या पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या फिलिप झापारी आणि सहकाऱ्यांची चाचणी छापून आली. कोलेस्टेरॉल वाढलेले पण एरवी ठणठणीत असे १०३ प्रौढ घेतले. एका गटाला दिवसातून तीनदा १००० मिलिग्रॅम अर्क, दुसऱ्याला २००० आणि तिसऱ्याला तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी. अर्कात गुग्गुलस्टेरोन २.५ टक्के, म्हणजे पहिल्या गटाला दिवसाला ७५ मिलिग्रॅम मिळत होते. आठ आठवड्यांनी एलडीएल, म्हणजे धमन्यांना घातक समजले जाणारे कोलेस्टेरॉल, निरुपद्रवी गोळीच्या गटात ५ टक्क्यांनी उतरले होते. गुग्गुळाच्या दोन गटांत ते ४ आणि ५ टक्क्यांनी चढले होते. सहा जणांच्या अंगावर पुरळ उठले, सगळे गुग्गुळाच्या गटांतले.

नुसते उपयोग नाही असे नव्हे. उलटे झाले होते.

त्यावर जे वादंग झाले ते ऐकण्याजोगे होते, कारण दोन्ही बाजूंचे काही खरे होते. आयुर्वेदाच्या बाजूने म्हटले गेले की भारतीय रुग्णांचे जेवण वेगळे, प्रकृती वेगळी. इथल्या चाचण्यांत आधी पथ्य होते. १९९४ सालच्या मुरादाबादच्या चाचणीत तर फळे आणि भाज्यांचा आहार ठरवून दिलेला होता. त्यात चोवीस आठवड्यांत एकूण कोलेस्टेरॉल ११.७ टक्के उतरले होते. फिलाडेल्फियात माणसे रोजचे अमेरिकन जेवण जेवत होती. शिवाय आयुर्वेद प्रकृती बघून औषध देतो, रक्ताचा आकडा बघून नव्हे. दुसरी बाजू म्हणाली, औषधाचा गुण भूगोलावर ठरत असेल तर तो गुण कसला? आणि भारतातल्या मोठ्या चाचणीत निरुपद्रवी गोळीचा स्वतंत्र गट होता कुठे? फिलाडेल्फियात त्या गोळीवरच एलडीएल ५ टक्के उतरले, हे विसरू नका. माणूस चाचणीत शिरला की खाण्याकडे लक्ष देतो, एवढ्यानेही आकडा हलतो.

माझे मत विचाराल तर दुसऱ्या बाजूचा हा शेवटचा मुद्दा निर्णायक आहे. पण पहिल्या बाजूच्या तक्रारीत एक गोष्ट नकळत कबूल झाली आहे: पथ्याशिवाय गुग्गुळ चालत नाही. मग काम गुग्गुळाने केले की पथ्याने? ही शंका १९८०च्या दशकातच धसास लावायला हवी होती. २००९ साली नॉर्वेत ४३ जणांवर आणखी एक छोटी चाचणी झाली. एकूण कोलेस्टेरॉल जरासे उतरले, त्याबरोबर चांगले समजले जाणारे एचडीएलही उतरले आणि एलडीएलमध्ये नाव घेण्याजोगा फरक पडला नाही.

रेणूंच्या दुनियेतही गुग्गुलस्टेरोनचा तोरा उतरला. ते एकट्या एफएक्सआरला नव्हे, आणखी कितीतरी ग्राहींना जाऊन भिडते, असे २००४नंतर दिसत गेले. त्यांतला एक पीएक्सआर. तो जागा झाला की शरीर औषधांची मोडतोड करणारी विकरे जास्त बनवते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या औषधशास्त्रज्ञांना याची चुणूक रुग्णशय्येच्या बाजूने आधीच लागली होती. १९९४ साली त्यांनी दाखवले की गुगुलिपिड बरोबर घेतले तर डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल ही हृदयरुग्णांची नेहमीची औषधे रक्तात कमी पोचतात. कारण तोच ग्राही असो की दुसरे काही, गुग्गुळ ज्यांच्यासाठी म्हणून विकला जातो, त्यांच्याच चालू औषधांची ताकद तो कमी करू शकतो. दोन पानांचा हा टिपणवजा निबंध. यशोगाथेपेक्षा तो कितीतरी जास्त वाचला जायला हवा होता.

आता सुश्रुताच्या यादीकडे परत यायला हरकत नाही. गुग्गुळानंतर पाच नावे सोडली की तिथे जव आहे, ज्याला आपण सातूही म्हणतो. या धान्यात बीटा-ग्लुकान नावाचा विरघळणारा तंतू असतो. आतड्यात त्याचा बुळबुळीत रस होतो आणि पित्ताम्ले त्यात अडकून बाहेर जातात. मग यकृताला नवी पित्ताम्ले करावी लागतात आणि त्यासाठी रक्तातले कोलेस्टेरॉल खर्ची पडते. म्हणजे वाट तीच, ह्यूस्टनच्या उंदरांत गुग्गुलस्टेरोनने दाखवलेली. फक्त खालच्या टोकाने. बीटा-ग्लुकानवरच्या चाचण्या इतक्या ठिकाणी आणि इतक्या सारख्या निघाल्या की अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली ओटसाठी आणि २००५ साली जवासाठी हृदयाच्या आरोग्याचा दावा पाकिटावर छापायला मुभा दिली. मात्रा दिवसाला तीन ग्रॅम बीटा-ग्लुकान. कोलेस्टेरॉल उतरते ते काही टक्केच, पण उतरते ते फिलाडेल्फियातही उतरते.

खाण्यातूनच कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या घराण्यातली आणखी एक शाखा म्हणजे वनस्पतींच्या तेलांतली स्टेरॉले. रचनेने ती कोलेस्टेरॉलची सख्खी भावंडे, त्यामुळे आतड्यात त्याच्याशी जागेसाठी भांडतात आणि त्याचे शोषण कमी करतात. फिनलंडमध्ये १९९५ साली स्टेरॉलांच्याच कुळातले स्टॅनॉल घातलेले मार्गारीन बाजारात आले आणि दिवसाला दोनेक ग्रॅम घेतल्यास एलडीएल दहा टक्क्यांच्या आसपास उतरते, हे पुढे वारंवार दिसले. झटके आणि मृत्यू किती कमी होतात, याची मोठी चाचणी मात्र त्यांच्याही नशिबी आली नाही.

जव सोडून गुग्गुळ उचलला म्हणून बनारसच्या त्या निवडीला दोष देणे योग्य नाही. १९६०च्या दशकात औषध म्हणजे एक रेणू, अशीच समजूत जगभर होती. कोद्रू आणि जव घेऊन प्रबंध लिहायला बसलेल्या विद्यार्थ्याला मार्गदर्शक मिळाला नसता. पण सुश्रुताचा हवाला देऊन गुग्गुळाची बाटली विकणाऱ्याने त्याच वाक्यातला व्यायाम आणि भरड धान्य गाळून टाकावे, ही ग्रंथाशी केलेली सोयीस्कर लबाडी आहे.

या सगळ्याची किंमत झुडपाने मोजली. मागणी वाढली तशी चीर खोल गेली. जास्त चीक यावा म्हणून जखमेला गुग्गुळ, मोरचूद आणि घोड्याचे किंवा रानगाढवाचे मूत्र यांचा लेप फासायची रीत गोळा करणाऱ्यांत होती. चीक भरपूर येई आणि झुडूप त्याच हंगामानंतर वाळून जाई. तोडणारा माणूस गरीब, जमीन त्याच्या मालकीची नाही, पुढच्या वर्षी तेच झुडूप आपल्याच हाती लागेल याचा भरवसा नाही. तो दुसरे काय करणार? १९८०च्या दशकात दिल्ली विद्यापीठाच्या एच. वाय. मोहन राम यांच्या गटाने चीक काढायची सुधारलेली रीत शोधून दाखवली, पण शास्त्रज्ञाच्या हातातली मोजून दिलेली मात्रा आणि कच्छच्या उन्हात घाईने दिलेली चीर यांत फरक राहिलाच. २०१५पर्यंत आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत या झुडपाची नोंद अतिसंकटग्रस्त अशी झालेली होती. भारतातल्या औषध कारखान्यांची गरज भागवायला पाकिस्तानातून माल येत राहिला आणि बाजारातल्या खड्यांत सालईसारख्या दुसऱ्या झाडांची राळ मिसळू लागली.

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या मदतीने कच्छमध्ये आणि राजस्थानात लागवड सुरू झाली आहे. छाट लावून झुडूप रुजते, तेवढी एक सोय. पण त्याला चीर देण्याजोगे व्हायला आठ-दहा वर्षे लागतात आणि तोवर त्या जमिनीतून शेतकऱ्याच्या हाती काही पडत नाही. म्हणून ही लागवड आज सरकारी अनुदानाच्या जोरावर चालते. गुगुलिपिडची जागा औषधाच्या दुकानात स्टॅटिनने केव्हाच घेतली. मेदोहर गुग्गुळाचा खप मात्र चालूच आहे.